सीडी मेली असं इतक्यात म्हणू नका

ऑडिओ सीडी रिप होत नाही म्हटलं की आपण पहिला निकाल सीडीच्या विरुद्ध देतो. "जुनी झाली, टाकून द्या." मला हे अजिबात पटत नाही. साक्षीदार एकच, तोही वर्षानुवर्षं धूळ खात पडलेला ड्राइव्ह, आणि फाशी मात्र सीडीला!

आमच्या घरात हा वाद आजीच्या ओव्यांवरून झाला. २००४ साली दुकानातून कॅसेटची सीडी करून घेतली होती. कॅसेट पुढे बुरशीने गेली, आणि आजीही गेली. आता तो आवाज एवढ्या एका चकतीवर आहे, आणि सातव्या ओवीपाशी ड्राइव्ह घरघरून थांबत होता.

"पण त्याच ड्राइव्हवर फोटोंची सीडी चालते की!" असं धाकट्या काकांचं म्हणणं. काका, त्यावरून काही ठरत नाही. सीडीच्या एका सेक्टरमध्ये २३५२ बाइट असतात. डेटा सीडीत त्यातले २०४८ च माहितीसाठी, उरलेले मुख्यतः चुका शोधून दुरुस्त करण्यासाठी. ऑडिओ सीडीत सगळेच्या सगळे आवाजाला दिलेले. दुरुस्तीची मूळ सोय दोन्हीकडे आहे, पण हा वरचा आधार गाण्यांना नाही. म्हणून थकलेला ड्राइव्ह फोटो दाखवतो आणि ओव्यांवर अडखळतो. डीव्हीडी चालते हाही पुरावा नव्हे. डीव्हीडीचा लेझर लाल, ६५० नॅनोमीटरचा. सीडीचा ७८० चा, डोळ्यांना न दिसणारा. एक शाबूत आणि दुसरा गेलेला असू शकतो.

तेव्हा क्रमाने जावं. आधी बाजारातली एखादी स्वच्छ सीडी लावून बघा. तीही अडली तर दोष बहुधा ड्राइव्हचा, जोडणीचा किंवा सॉफ्टवेअरचा. यूएसबीचा ड्राइव्ह हबमधून काढून थेट कॉम्प्युटरला जोडा, कधी कधी त्याला वीजच पुरत नाही. फक्त आपलीच सीडी अडत असेल तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. वेग कमी करा. मग दुसऱ्या ड्राइव्हवर लावा. एवढं झाल्याशिवाय मृत्यूचा दाखला नको.

आता माझा खरा मुद्दा. अडणाऱ्या ड्राइव्हपेक्षा मला न अडणाऱ्याची भीती वाटते. आवाजाचा तुकडा वाचता आला नाही तर बरेच ड्राइव्ह आजूबाजूला बघून अंदाजाने जागा भरतात आणि "झालं" म्हणून मोकळे होतात. ऐकायला ठीक, पण ती आजी नव्हे! एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा लिनक्सवरचं सीडीपॅरानोइया तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतं आणि शंका असेल तर तसं सांगतं. वेळ लागतो, लागू दे. बाजारातल्या सीडीची प्रत अ‍ॅक्युरेटरिपने इतरांच्या प्रतींशी ताडून बघता येते. आजीची सीडी जगात एकच. ती दोनदा रिप करायची आणि दोन्ही फाइली जुळतात का ते बघायचं.

भाच्याच्या जुन्या डेस्कटॉपवर रात्रभरात सगळ्या ओव्या निघाल्या. सातवीत दोनेक सेकंद खरखर आहे. "सॉफ्टवेअरने साफ कर ना," असं आत्याने सुचवलं. आत्या, तुला वेगळी प्रत साफ करून देईन, पण मूळ फाइलमध्ये खरखर तशीच राहील. काय हरवलं तेही नातवंडांना कळायला हवं.

असो. कपाटात बारशाच्या, मुंजीच्या, कुणाच्या गाण्याच्या सीड्या असतील तर आताच काढा. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर उन्हाने आणि काळाने विटतो, आणि नव्या लॅपटॉपला तर ड्राइव्हच नसतो. दिवाळीला येताना घेऊन या. चालत नाहीत म्हणून बाजूला ठेवलेल्या तर आधी आणा.