हास्य, भय आणि अपहृत जहाज

अपहरण झालेल्या प्रवासी जहाजावर घडणारी विनोदी साहसकथा हा प्रकार आपल्या विद्यापीठीय समीक्षेच्या पंगतीला सहसा बसविला जात नाही. आगगाडीच्या प्रवासात चाळावयाचे पुस्तक किंवा सुटीच्या दुपारी पाहावयाचा चित्रपट, एवढीच त्याची योग्यता मानली जाते. तथापि एका जुन्या आणि गंभीर प्रश्नाची परीक्षा घेण्यास याहून सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल. शेकडो निरपराध माणसे बंदुकीच्या धाकाखाली असताना वाचकाने हसावे काय, आणि हसावयाचे तर कोणत्या अटीवर, हा तो प्रश्न होय.

आपल्या काव्यशास्त्राला तो अपरिचित नाही. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हास्याचे भयानक आणि करुण या दोन रसांशी वैर सांगितले आहे. त्याच्या कित्येक शतके आधी आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त विरोधी रसांना एकत्र नांदविण्याची एक युक्तीही सुचविली होती. दोन्ही रसांचा आश्रय वेगळा करावा. नायकाच्या ठायी वीर असेल तर भयानक प्रतिपक्षाच्या ठायी ठेवावा, म्हणजे विरोध उरत नाही. विनोदी थरारकथेचे सारे तंत्र या युक्तीवर चालते, असे म्हणावयास हरकत नाही. भय जहाजावरील प्रवाशांच्या वाट्याला येते आणि हसू खुर्चीत बसलेल्या वाचकाच्या. ही वाटणी कलादृष्ट्या निर्दोष असेल. परंतु रसांचा विरोध मिटला म्हणजे न्यायाचा प्रश्नही मिटला, असे होत नाही. दुसऱ्याच्या भयावर आपण हसतो आहोत, ही गोष्ट शिल्लक राहतेच.

प्रवासी जहाज विनोदाला स्वभावतःच अनुकूल असते, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. वर्गवार मजले, घड्याळाबरहुकूम भोजन, गणवेश, वाद्यवृंद आणि राजाज्ञेसारखा चालणारा कप्तानाचा शब्द, अशी ती समाजाची एक लहानशी प्रतिकृती असते. चार शस्त्रधारी माणसांनी ती उलटीपालटी केली की तिचे सारे शिष्टाचार हास्यास्पद दिसू लागतात. आणि चहूंकडे समुद्र असल्यामुळे निसटून जाण्यास वाट नसते, म्हणून भयही तितकेच दाट होते. हास्य आणि भय एकाच कारणातून उगवावेत, अशी स्थळे थोडीच असतात.

इतिहासाने अशी एक कथा स्वतःच रचून ठेवली आहे. २२ जानेवारी १९६१ रोजी ‘सांता मारिया’ हे आलिशान पोर्तुगीज जहाज कुरसाव बेटावरून फ्लोरिडाकडे निघाले असता कॅरिबियन समुद्रात त्याचा ताबा सुमारे दोन डझन सशस्त्र माणसांनी घेतला. जहाजावर सुमारे सहाशे प्रवासी आणि तीनशेहून अधिक कर्मचारी होते. कटाचा नायक होता हेन्रिक गॅल्व्हाओ हा पासष्ट वर्षांचा माजी लष्करी अधिकारी. एके काळी तो सालाझारच्या राजवटीचा विश्वासू सेवक होता. पण अंगोलातील वेठबिगारीवर १९४७ साली त्याने कडक अहवाल दिला आणि तो त्या राजवटीच्या मनातून उतरला. पुढे तुरुंगवास, १९५९ साली लिस्बनच्या रुग्णालयातून पलायन आणि व्हेनेझुएलातील आश्रय, अशी त्याची वाटचाल झाली. हा गृहस्थ स्वतः लेखकही होता. सर्व्हांतेसच्या डॉन किहोतेने, म्हणजे आपल्याकडे ज्याला डॉन क्विक्झोट म्हणतात त्याने, कधी धड न पाहिलेल्या एका स्त्रीच्या नावाने सारे पराक्रम केले. गॅल्व्हाओने आपल्या मोहिमेला त्याच स्त्रीचे, दुल्सिनेआचे, नाव दिले.

पुढील हकीकत एखाद्या विनोदी कादंबरीत शोभावी अशी आहे. जहाजाचे नाव बदलून ‘सांता लिबर्दादे’, म्हणजे पवित्र स्वातंत्र्य, असे ठेवण्यात आले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाऊन बंड पेटवावे असा बेत होता. परंतु जखमींना उपचार मिळावेत म्हणून जहाज सेंट लुसिया बेटाकडे वळविण्यात आले, आणि त्या माणुसकीच्या कृत्यानेच कटाची बातमी जगाला कळली. एवढे प्रचंड जहाज शोधण्यास अमेरिकेचे आरमार निघाले. एका फ्रेंच छायाचित्रकाराने तर बातमीच्या ओढीने विमानातून थेट जहाजालगतच्या समुद्रात छत्रीउडी घेतली. अखेर ब्राझीलमध्ये नवे राष्ट्राध्यक्ष अधिकारारूढ झाल्यावर २ फेब्रुवारीला रेसिफे बंदरात प्रवासी सुखरूप उतरले, आणि दुसऱ्या दिवशी गॅल्व्हाओने जहाज सोडले. बंड पेटले नाही. परंतु सालाझारची राजवट जगभर चर्चेचा विषय झाली. जहाज येईल या अपेक्षेने लुआंडात जमलेल्या परदेशी बातमीदारांना ४ फेब्रुवारीला तेथील तुरुंगावरील हल्ला पाहावयास मिळाला. अंगोलाच्या स्वातंत्र्ययुद्धाचा आरंभ त्या दिवसापासून मानतात.

लिस्बनने या कृत्याला चाचेगिरी म्हटले. १९५८ च्या जिनेव्हा कराराच्या व्याख्येनुसार चाचेगिरीस खासगी लाभाचा हेतू लागतो आणि एका जहाजाने दुसऱ्या जहाजावर हल्ला करावा लागतो. येथे हेतू राजकीय होता आणि हल्लेखोर जहाजावरचेच उतारू होते. शब्दांचा हा वाद मराठी वाचकाला नवा नाही. इंग्रजांच्या कागदपत्रांत ज्याला चाचा म्हटले, तो कान्होजी आंग्रे आपल्या इतिहासात सरखेल आहे. शिवाय ज्या राजवटीची गॅल्व्हाओने फजिती केली, तीच त्या वर्षी गोव्यातही नांदत होती. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य सीमेवर उभे असताना सालाझारने गोव्याच्या गव्हर्नर जनरलला शरणागती न पत्करता लढून मरण्याचा आदेश दिला. वासालो इ सिल्व्हाने तो मानला नाही आणि १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. लिस्बनला शोकांतिका हवी होती. गव्हर्नराने माणसे मोजली. त्याबद्दल पुढे त्याला सैन्यातून काढून टाकण्यात आले.

माणसे मोजणे या शब्दप्रयोगापाशीच मला थांबावयाचे आहे. कारण ‘सांता मारिया’च्या हकीकतीत एक गोष्ट मी आतापर्यंत सांगितलेली नाही आणि वाचकालाही बहुधा तिची उणीव भासली नसेल. जहाजाचा ताबा घेताना झालेल्या गोळीबारात नासिमेंतो कोश्ता हा तरुण अधिकारी ठार झाला. त्या रात्री तो आपले नेमून दिलेले काम करीत होता. सालाझारशी त्याचे देणेघेणे जहाजाच्या एखाद्या खलाशाइतकेच होते. कथा रंगवून सांगताना तो सहज गळून पडतो, कारण त्याला ठेवले की हसू अडखळते. गॅल्व्हाओचे निवेदन त्याच वर्षी इंग्रजीत प्रसिद्ध झाले, तेव्हा शीर्षकात त्याने या प्रकाराला आपले धर्मयुद्ध म्हटले. धर्मयुद्धात मृतांचा हिशेब नेहमीच दुसऱ्याच्या वहीत लिहिला जातो.

नाव ज्याच्याकडून उसने घेतले, त्या सर्व्हांतेसने मात्र हा हिशेब टाळला नव्हता. तो स्वतः १५७५ साली समुद्रावर चाच्यांच्या हाती सापडला आणि पाच वर्षे अल्जिअर्समध्ये कैदेत राहिला. अपहृत जहाज त्याला पुस्तकातून कळलेले नव्हते. ‘डॉन किहोते’च्या १६१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या भागातील त्रेसष्टावे प्रकरण या दृष्टीने पाहावे. बार्सिलोनाच्या बंदरात नायक आणि सांचो गलबत पाहावयास जातात. वल्हेकरी बिचाऱ्या सांचोला उचलतात आणि या हातातून त्या हातात झेलीत गलबतभर फिरवितात. वाचक पोटभर हसतो. काही पृष्ठांतच एका अल्जिअर्सच्या नौकेचा पाठलाग होतो, मद्यधुंद अवस्थेतील दोन तुर्क गोळ्या झाडतात आणि दोन सैनिक मरून पडतात. सेनापती सर्वांना फासावर चढवावयास निघतो. मग पकडलेल्या नौकेचा नायक ही वेषांतर केलेली मुलगी आहे असे उघड होते, आणि दयेला वाट मिळते. हास्य, मृत्यू आणि दया ही तिन्ही एकाच प्रकरणात आहेत. सांचोच्या फजितीचे हसू खोडून न टाकता त्या दोन सैनिकांच्या मृत्यूचीही नोंद होते. आनंदवर्धनाच्या आश्रयभेदाहून ही वेगळी वाट आहे. येथे दोन्ही भाव एकाच वाचकाला सोसावे लागतात.

यावर कोणी म्हणेल, ही सारी अडचण कशाला? अशा विषयांवर हसूच नये, म्हणजे झाले. या मताचे वजन मला मान्य आहे. ऑक्टोबर १९८५ मध्ये ‘अकिले लाउरो’ या इटालियन प्रवासी जहाजाचे चार पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांनी अपहरण केले आणि लिऑन क्लिंगहॉफर या चाकाच्या खुर्चीतील एकोणसत्तर वर्षांच्या अमेरिकन ज्यू प्रवाशाला ठार करून समुद्रात लोटून दिले. जॉन अॅडम्सने या घटनेवर संगीतिका रचली. १९९१ च्या पहिल्या प्रयोगांत आरंभी क्लिंगहॉफर कुटुंबाच्या स्नेह्यांचे एक विनोदी घरगुती दृश्य होते. त्यावर तीव्र नापसंती व्यक्त झाली आणि रचनाकाराने ते काढून टाकले. विश्वनाथाला यात आश्चर्य वाटले नसते. परंतु माझ्या मते तेथे चूक हसण्यात नव्हती, हसण्याची दिशा चुकली होती. ज्यांच्या घरी मृत्यू येऊन गेला, त्यांच्याकडेच विनोदाने बोट दाखविले होते.

बाजारातील थरारकथा याच्या उलट टोकाला जाते. ‘स्पीड २’ या १९९७ च्या चित्रपटात बडतर्फ केलेला एक नोकर संगणकाच्या साहाय्याने जहाज ताब्यात घेतो, अंगाला जळवा लावून रक्तशुद्धी करतो, आणि शेवटी ते अवाढव्य जहाज किनाऱ्यावरील गावात घुसते. भिंती कोसळतात, लोक पळतात आणि प्रेक्षकाने टाळ्या वाजवाव्या अशी अपेक्षा असते. त्या भिंतींमागे कोण होते, हे विचारण्यास कथेला सवड नाही. रुबेन ऑस्टलुंडच्या ‘ट्रँगल ऑफ सॅडनेस’ या २०२२ च्या चित्रपटातही विलासनौकेवर चाचे येतात. तेथे बाँबगोळा येऊन पडतो तो शस्त्रे विकून श्रीमंत झालेल्या एका सभ्य वृद्ध जोडप्याच्या पायाशी, आणि तो आपल्याच कारखान्यातला आहे हे ती दोघे ओळखतात. या हास्यात क्रौर्य आहे खरे. पण गोळा कोणी बनविला आणि त्याचा पैसा कोणी खाल्ला, हे विचारल्यावाचून ते हसू फुटत नाही.

तेव्हा या वाङ्मयप्रकाराला आपण हलका म्हणून दाराबाहेर ठेवू नये आणि करमणूक म्हणून सर्व अपराध माफही करू नयेत. त्याला एकच प्रश्न विचारावा: या जहाजावर जो मेला, त्याला या कथेत जागा आहे काय? जागा असेल, तर हास्याने बंदुकीची, सत्तेची, कप्तानाच्या टोपीची आणि बंडखोराच्या शपथेची खुशाल टर उडवावी. तेवढा अधिकार बंदिवानाला नेहमीच असतो आणि पुष्कळदा त्याच्याजवळ दुसरे शस्त्र नसते. जागा नसेल, तर ते हसू अपहरणकर्त्याच्या बाजूचे आहे, मग कथेच्या शेवटी नायकाने कितीही प्रवासी सुखरूप किनाऱ्याला लावलेले असोत.