ओट्याची उंची कोण ठरवते?

मोहाडी तालुक्यातल्या करडी, पालोरा, जांभोरा या पट्ट्यात मातीच्या भिंती आणि कवेलू जाऊन स्लॅबची घरे उभी राहत आहेत. त्या घरांत चर्चा रंगते ती स्वयंपाकघराची. भंडाऱ्याच्या किंवा नागपूरच्या दुकानात पाहिलेला, नाहीतर मोबाइलवर आलेला ‘मॉड्युलर किचन’चा फोटो मिस्त्रीच्या हाती दिला जातो आणि ‘असंच पाहिजे’ एवढ्यावर आराखडा संपतो. चकचकीत शटर, वरच्या रांगेत काचेची कपाटे, मध्ये काळा ग्रॅनाइट. फोटोतले स्वयंपाकघर बहुधा तीन-चार माणसांच्या फ्लॅटमधले असते. तिथे महिन्याचा किराणा पिशवीतून येतो आणि भात कुकरमध्ये होतो. धान पिकवणाऱ्या घराचा कारभार त्यात कसा मावणार, हे कुणी विचारत नाही. नव्या स्वयंपाकघराला माझा विरोध नाही, ते हवेच. पण त्याची आखणी उलट्या टोकाने चालली आहे. आधी रांधणारीची उंची, घरातले धान्य, धूर आणि पाणी यांचा हिशेब व्हावा आणि कपाटे शेवटी यावीत. असे केले तर बऱ्याच घरांना दुकानदार सांगतो त्याच्या निम्मी कपाटेही लागणार नाहीत.

ज्या कल्पनेची आपण नक्कल करतो, तिचा उगमच मुळी मोजमापात आहे. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रांकफुर्ट शहरात कामगारांसाठी स्वस्त घरे बांधली जात होती. त्या घरांसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने एक बसवलेले स्वयंपाकघर आखले. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. अशी जवळपास दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली आणि आजचे सगळे मॉड्युलर किचन त्याच्याच वंशातले. बाईंना तेव्हा स्वतःला स्वयंपाक येत नव्हता, हे त्यांनीच पुढे सांगितले आहे. म्हणूनच असेल, त्यांनी अंदाजावर काही सोडले नाही. कोणत्या कामाला किती वेळ जातो, किती पावले पडतात, हे मोजलेले अभ्यास त्यांनी वापरले आणि रेल्वेच्या भोजनडब्यातल्या चिंचोळ्या स्वयंपाकघराची रचना तपासली. भिंतीत तांदूळ, साखर, डाळी यांसाठी ॲल्युमिनियमचे छोटे ओढकप्पे बसवले, त्यांना दांडा आणि ओतायला तोटी. पिठाचा कप्पा मात्र ओक लाकडाचा, कीड लागू नये म्हणून. थोडक्यात, त्या घरात काय शिजते आणि काय साठवले जाते, यावरून लाकूड-लोखंड ठरले. आपल्याकडे त्या रचनेचे दर्शनी रूप आले, त्यामागची रीत दुकानातच राहिली.

त्या स्वयंपाकघरावर पुढे टीकाही झाली आणि ती करडीच्या दृष्टीने मोलाची आहे. जागा एवढी अरुंद की एका वेळी एकच बाई काम करू शके, आणि तीही बाकी घरापासून तुटलेली. १९७०च्या दशकात स्त्रीवाद्यांनी यावर बोट ठेवले. आपल्या गावातल्या घरात सासू, सून, जाऊ, सणावारी शेजारीण, अशा दोघी-तिघी एकदम राबतात. एक भाजी चिरते, दुसरी पोळ्या लाटते, तिसरी भात वेळते. रोवणीच्या दिवसांत भल्या पहाटे डबे भरून शेताची वाट धरायची असते, तेव्हा दोघींना एकमेकींना न धडकता वळता आले पाहिजे. दोन ओट्यांमध्ये चार फूट मोकळी जागा ही अशा घरात चैन नव्हे. शिवाय विळीवर बसून चिरणे अजून सुटलेले नाही आणि सुटावेच असेही नाही. त्यासाठी ओट्याखाली किंवा खिडकीपाशी जमिनीवर उजेडाची जागा राखावी लागते. फ्लॅटच्या नकाशात अशी जागा नसते.

आता ओट्याच्या उंचीचे पाहू. तयार कपाटांचा ओटा साधारण ८६ ते ९० सेंटिमीटरवर येतो. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पाच फूट. तिचे कोपर जमिनीपासून साधारण ९५ सेंटिमीटरवर येते. चिरणे, मळणे, लाटणे या कामांना पृष्ठभाग कोपराच्या दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली असावा. म्हणजे तिला ८० ते ८५चा ओटा हवा. फरक थोडका वाटेल, पण खरी गोम शेगडीपाशी आहे. ८६च्या ओट्यावर बारा सेंटिमीटरची गॅसशेगडी, तिच्यावर पंचवीस सेंटिमीटर उंचीचा भाताचा गंज. काठ पोहोचला १२३ सेंटिमीटरवर. पाच फुटी बाईच्या तो जवळजवळ खांद्याला लागतो. उकळत्या भातात सराटा फिरवायला तिला हात वर करून, वाफेत तोंड घालून उभे राहावे लागते, आणि तोच जड गंज भात वेळायला त्या उंचीवरून उतरवायचा असतो. शहरात दोन माणसांच्या कुकरला ही अडचण येत नाही. इथे उपाय साधा आहे. शेगडीपुरता ओटा पंधरा सेंटिमीटर खाली घ्यायचा आणि त्याला लागूनच गंज टेकवता येईल असे रुंद, उथळ सिंक द्यायचे. कडप्पा बसण्याआधी हे फुकट होते, नंतर फोडाफोडी करावी लागते. कंपनीच्या ठरीव मापाच्या कपाटात मात्र हा उतार सहजासहजी बसत नाही.

साठवणीचा प्रश्न याहून मोठा आहे. भंडारा हा धानाचा जिल्हा. वर्षाचा तांदूळ कट्ट्यांत भरून घरात ठेवायचा, तूर, लाखोळी, जवस, वाळवलेली मिरची, मोहफुले ठेवायची, ही इथली रीत. पूर्वी त्यासाठी बांबूच्या ढोल्या होत्या, आता पत्र्याच्या कोठ्या आहेत. साठ सेंटिमीटर खोल कपाटात पन्नास किलोचा कट्टा कोंबला तर तो काढताना कंबर मोडते. पितळी उद्योगासाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात घरोघरी असलेले गुंड आणि परात तर कोणत्याच ओढकप्प्यात जात नाहीत. मग होते काय, की लाखाच्या घरात खर्च करून कपाटे लागतात आणि तांदूळ, पितळ, मोठे गंज पुन्हा झोपायच्या खोलीत पलंगाखाली जातात. स्वयंपाकघराच्या पाठीला सहा बाय पाच फुटांची कोरडी, जाळीच्या झरोक्याची कोठीची खोली बांधली, तर तिला शटर नको, लॅमिनेट नको, आणि सोय मात्र दहा कपाटांची होते.

लाकडाच्या नावाखाली काय विकले जाते, तेही पाहायला हवे. स्वस्त तयार कपाटे बहुधा पार्टिकल बोर्डची किंवा एमडीएफची असतात. भुसा आणि तंतू गोंदात दाबून केलेल्या या फळ्यांच्या कडेतून पाणी शिरले की त्या फुगतात आणि पुन्हा पूर्ववत होत नाहीत. वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, भोवताली बांध्यांत साचलेले पाणी आणि जमिनीत उधई, अशा मुलखात सिंकखालची फळी किती वर्षे टिकेल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. प्लायवूड घ्यायचेच तर सिंकच्या भागात आयएस ७१० खुणेचे, म्हणजे सागरी प्रतीचे, घ्यावे. इतरत्र आयएस ३०३चे उकळत्या पाण्याला टिकणारे चालते. ही खूण फळीवर छापलेली असते आणि ती दाखव म्हणायला संकोच वाटू नये. मॉड्युलर कपाटे दहा सेंटिमीटरच्या पायांवर उभी असतात आणि पुढून पट्टी लावून ती पोकळी झाकलेली असते. ज्या घरात धान येते, तिथे उंदीर येणारच. त्यांना एवढे निवांत, अंधारे आणि झाडूच्या टप्प्याबाहेरचे बिऱ्हाड दुसरीकडे मिळणार नाही. त्यापेक्षा विटांच्या उभ्या भिंतींवर कडप्प्याचे कप्पे करावेत, आतून टाइल लावावी आणि समोर फक्त ॲल्युमिनियमचे किंवा चांगल्या प्लायचे दार बसवावे. गावातला गवंडी आणि सुतार मिळून हे करतात, आणि बिजागरी सैल झाली तर नागपूरच्या माणसाची वाट पाहावी लागत नाही.

गॅसची टाकी कपाटात लपवण्याची हौस मला सगळ्यात धोक्याची वाटते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खाली साचतो. बंद कपाटात तळाशी झरोका नसेल, तर वास यायच्या आत तिथे पुरेसा गॅस जमलेला असू शकतो. टाकी उभी, जमिनीवर, शेगडीपेक्षा खालच्या पातळीला आणि नळी डोळ्यांना दिसेल अशी हवी. दाराला जाळी असेल तरच ते दार लावावे.

चुलीबद्दल बोलायचे तर १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गॅस खेड्यात पोहोचला. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, देशातल्या ५८.६ टक्के घरांतच स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरले जात होते आणि ग्रामीण भागात हे प्रमाण ४३.२ टक्के होते. गॅस घरात असूनही आंघोळीचे पाणी, ढोरांचे खाद्य आणि पाहुण्यांचा मोठा स्वयंपाक चुलीवर होतो, कारण टाकी भरायला पैसे लागतात आणि काटक्या फुकट वाटतात. काटक्याही आता तितक्या फुकट राहिलेल्या नाहीत. शेजारचे कोका जंगल २०१३ साली अभयारण्य झाले आणि सरपणाला जाणाऱ्या बाईच्या वाटेत वाघ-बिबट्याची भीती आहेच. पण नव्या घराच्या नकाशातून चूल खोडली म्हणून ती घरातून जात नाही. ती सांदवाडीतल्या पत्र्याखाली जाते, पावसाळ्यात पुन्हा आत येते आणि नव्या लॅमिनेटवर काजळी बसवते. त्यापेक्षा मागच्या सपरीत धुराडे असलेली, उभ्याने वापरता येणारी चूल नकाशातच दाखवावी. आत विजेची चिमणी लावा किंवा लावू नका, खिडकी मात्र हवीच. राष्ट्रीय इमारत संहितेत स्वयंपाकघराला बाहेर उघडणारी किमान एक चौरस मीटरची खिडकी सांगितली आहे. वरच्या कपाटांची सलग रांग लावण्यासाठी नेमकी हीच खिडकी बारीक केली जाते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि वीज जाते, तेव्हा त्या रांगेचा काही उपयोग होत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. शहरातल्या बाईला गुळगुळीत ओढकप्पे, आणि खेड्यातल्या बाईला कडप्पा आणि चूल, हा कुठला न्याय? खेड्याचे साधेपण मिरवायची हौस बहुतेक वेळा ज्यांना तिथे राहायचे नसते त्यांनाच असते, हेही खरे. पण मी मागतो आहे ते अधिक आहे, कमी नाही. शहरातल्या बाईलाही तिच्या उंचीचा ओटा क्वचित मिळतो. करडीतल्या बाईला तो मिळू शकतो, कारण तिचे घर तिच्यासमोर उभे राहते आहे. भांड्यांसाठी दोन-तीन चांगले स्टीलचे ओढकप्पे ओट्याखाली जरूर घ्यावेत. वाकून अंधारात हात घालण्यापेक्षा ते कितीतरी बरे, आणि त्यावर केलेला खर्च रोज वसूल होतो. दुसरे म्हणणे प्रतिष्ठेचे: सोयरिकीला आलेली मंडळी स्वयंपाकघर पाहतात. पाहू द्यावे. समोरच्या भिंतीवर चार सुंदर दारे लावून ती हौस भागते, चारी भिंती झाकाव्या लागत नाहीत. तिसरा मुद्दा स्वच्छतेचा, की बंद कपाटात धूळ जात नाही. धूळ जात नाही, पण ओल आत राहते. धुतलेली भांडी निथळायला उघडी मांडणी आणि कोरड्या जिनसांना बंद डबा, ही जुनी विभागणीच इथल्या हवेला मानवते.

पाण्याचे गणित बदलते आहे, तेही नकाशात यायला हवे. जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ला झाली आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी घरातल्या नळाला, हे तिचे उद्दिष्ट आहे. नळ दिवसभर चालत नाही, म्हणून ओट्यावरच्या नळाला छतावरच्या टाकीची जोड लागते. आणि आत आलेले पाणी बाहेर कुठे जाणार, हे ठरवावे लागते. सिंकचा पाइप रस्त्यावर सोडण्याऐवजी सांदवाडीतल्या शोषखड्ड्यात किंवा केळीच्या आळ्यात न्यायचा, तर जोत्याचा उतार बांधकामाच्या वेळीच त्या दिशेला काढावा लागतो.

हे सारे मोठ्या घरांचे झाले, असे कुणी म्हणेल. उलट, घरकुलात चूक करायला जागाच नसते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे आणि त्यातच स्वयंपाकाची स्वच्छ, स्वतंत्र जागा धरली आहे. इमारत संहिता तर स्वयंपाकघरातच जेवायचे असेल तेव्हा एकट्या स्वयंपाकघराला ७.५ चौरस मीटर सांगते. सपाट प्रदेशातल्या लाभार्थ्याला १ लाख २० हजार रुपये मिळतात. एवढ्या पैशांत आणि जागेत दुकानातले कपाट बसणारच नाही, पण योग्य उंचीचा ओटा, मोठी खिडकी, धुराडे आणि पाण्याचा उतार बसतो. फक्त ते मागणारी व्यक्ती मिस्त्रीसमोर उभी असायला हवी. २०१९च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया रोज सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. शिवाय पाहणीच्या दिवशी घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात चारांत एक होते. त्या पाच तासांतले बरेचसे जिथे बाईला उभे राहायचे, तिथल्या उंचीचा सौदा मात्र घरचा कर्ता आणि ठेकेदार चहाच्या टपरीवर करतात. आवास योजनेखाली ग्रामीण गवंड्यांना ४५ दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते. त्यातला एक दिवस स्वयंपाकघराला द्यावा आणि त्या दिवशी गवंड्याला एवढेच शिकवावे: ओट्याची दोरी बांधण्याआधी घरातल्या रांधणारीला भिंतीशी उभे करायचे, तिच्या कोपराची खूण करायची आणि तिथून चार बोटांऐवजी मोजपट्टीने खाली यायचे.