दोन भाषांची मुले आणि इरावतीबाई



दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी एकच प्रश्न असतो: डॉक्टर की इंजिनिअर? हे दोन्ही व्यवसाय उत्तमच आहेत. पण एखादी मुलगी म्हणाली, "मला माणसांचा अभ्यास करायचा आहे, देशोदेशीचे लोक कसे राहतात ते पाहायचे आहे," तर घरातली मोठी माणसे काळजीत पडतील. माणसांचा कसला अभ्यास? त्यावर पोट भरते का? म्हणून या लेखात मला एवढेच सांगायचे आहे की मानवशास्त्र नावाची एक मोठी विद्या आहे आणि बिदर-कलबुर्गीच्या सीमेवर वाढलेल्या मुलांजवळ तिचे भांडवल आधीपासूनच आहे. आपण मात्र ते अडगळीत टाकले आहे.

या विद्येत मराठी माणसाने अभिमानाने घ्यावे असे पहिले नाव इरावती कर्वे यांचे. त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. वडील तेथे नोकरीला होते आणि तिथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी त्या शिक्षणासाठी पुण्याच्या हुजूरपागेत आल्या. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन त्यांनी मुंबईत डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राचा अभ्यास केला. १९२८ साली त्या जर्मनीला गेल्या. बर्लिनच्या ज्या संस्थेत त्या शिकत होत्या, तेथे वंशावरून माणसांची प्रतवारी लावण्याचे विचार जोरात होते. पुढे नाझींनी त्याच विचारांचा आधार घेतला. इरावतीबाईंचा विषय होता माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतला फरक. या फरकाचा वंशाशी संबंध निघेल, अशी त्यांच्या गुरूंची अपेक्षा होती. इरावतीबाईंच्या मोजमापांत तसे काही आढळले नाही आणि त्यांनी तसेच लिहिले. परक्या देशातली एक विद्यार्थिनी, समोर नामांकित प्राध्यापक, तरीही जे दिसले तेच तिने मांडले. विज्ञान शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट ठाऊक असावी.

परत आल्यावर १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. १९७० साली निधन होईपर्यंत त्यांनी अफाट भ्रमंती केली. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या स्त्रिया ज्या होत्या, त्यांत त्यांचे नाव आवर्जून घेतले जाते. महाभारतातल्या व्यक्तींवरील त्यांच्या 'युगान्त' या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे पुष्कळांना माहीत असते. पण त्यांचे मुख्य काम गावोगाव जाऊन माणसांना विचारण्याचे होते. कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांचे पुढे काय झाले, याची पाहणीही त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली. आपल्या भागात कारंजा धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांची नातवंडे आज शाळांत बसतात. आजोबांना त्याबद्दल नीट बसून कोणी विचारले आहे का?

त्यांच्या कामाचा आपल्याशी किती जवळचा संबंध आहे, ते पाहा. १९५३ साली त्यांचा भारतातील नातेव्यवस्थेवरचा इंग्रजी ग्रंथ निघाला. निरनिराळ्या भाषांतले नात्यांचे शब्द गोळा करून त्यांनी दाखवले की उत्तरेत मुलगी नात्याबाहेर, बहुधा गावाबाहेर देतात. दक्षिणेत मात्र लग्ने नात्यात होतात, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येतो. मराठीत पूर्वी सून सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणत असे. मामाची मुलगी करण्याची रीत त्या शब्दांतच साठलेली आहे. कानडीत तर मामा आणि सासरा दोघांनाही 'माव' आणि आत्या व सासू दोघींनाही 'अत्ते' म्हणतात. दक्षिणेतल्या अनेक समाजांत थोरल्या बहिणीच्या मुलीशी लग्न होत असे. मराठी घरांत ते सहसा चालत नाही. पुण्यातल्या विद्यार्थ्याला हा फरक पुस्तकातून शिकावा लागतो. भालकीच्या किंवा औरादच्या मुलाला तो शेजारच्या दोन घरांत दिसतो. नात्यातल्या लग्नांनी संततीला आजारांचा धोका वाढतो, असे डॉक्टर सांगतात, ते ऐकलेच पाहिजे. रीत समजून घेणे आणि रीत पाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरे उदाहरण आपल्या खंडोबाचे. ग्युंटर सोन्थायमर हे जर्मन अभ्यासक मराठी शिकले, धनगरांमध्ये राहिले, त्यांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांवर मोठा ग्रंथ लिहिला. खंडोबाचा माग काढत ते महाराष्ट्राबाहेर, कर्नाटकातल्या मैलारापर्यंत आणि तेलुगू मुलखातल्या मल्लण्णापर्यंत गेले. आपल्या बिदर जिल्ह्यात खानापूरला मैलार मल्लण्णाचे देऊळ आहे. यात्रेला मराठी भक्त येतो, कानडी येतो, तेलुगूही येतो. एकच देव, आणि त्याची कथा तीन भाषांत थोडी थोडी बदलत जाते. म्हाळसा लिंगायत वाण्याची आणि बाणाई धनगराची, हे मराठी घरातले मूल सांगेल. तीच गोष्ट कानडी आजीकडून ऐकली तर तिच्यात काय बदलते? हे शोधायला सोन्थायमरांना हजारो मैलांवरून येऊन भाषा शिकावी लागली. आपल्या मुलांना ते बसने जाऊन येण्याइतके जवळ आहे.

तिसरी गोष्ट वारीची. इरावतीबाई पायी पंढरपूरला गेल्या होत्या आणि त्यावर त्यांनी सुंदर लेख लिहिला. ज्या मुलखातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, असा विचार त्यांनी त्यात मांडला. एकाच वाटेने चालणाऱ्या भक्तांच्या पंगती जातीनुसार वेगळ्या बसतात, हेही त्यांनी दुःखाने नोंदवले. आता आपला भाग पाहा. इथली मराठी घरे पंढरीला जातात, तशी कानडी घरेही जातात, आणि संतांनी तर विठ्ठलाला कानडाच म्हटले आहे. मग ही व्याख्या आपल्या सीमेवर कशी लागू करायची? मला वाटते, यावर एखाद्या विद्यार्थ्याने उद्या प्रबंध लिहावा.

एवढे सगळे जवळ असताना आपण मुलांना काय शिकवतो? "नीट बोल, गावंढळ बोलू नको." आपले मूल घरी मराठी, कचेरीत कानडी, बाजारात दखनी उर्दू बोलते, आणि तिन्ही भाषांतले शब्द एकमेकांत मिसळते. शहरात शिकायला गेले की या मिसळीला हसतात, मग ते गप्प बसू लागते. मराठी शाळेत घालून मुलाचे नुकसान केले का, असा प्रश्न पालकांना पडतो. प्रमाणभाषा यायलाच हवी, यात शंका नाही. पण तीन भाषांतून माणसे समजून घेण्याची सवय हे नुकसान कसे म्हणायचे? मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला हीच सवय लावून घ्यायला वर्षे लागतात.

पोटापाण्याचेही सांगतो. पुण्यात, धारवाडला आणि हैदराबादला विद्यापीठात हा विषय शिकवला जातो. भारत सरकारची मानवशास्त्रीय सर्वेक्षण संस्था १९४५ पासून काम करते. तिचे दक्षिणेतले कार्यालय म्हैसूरला आहे. १९८५ साली सुरू झालेल्या तिच्या 'पीपल ऑफ इंडिया' प्रकल्पात देशभरातल्या ४,६३५ समाजांची नोंद झाली. वस्तुसंग्रहालये, आरोग्य, पुनर्वसन, आदिवासी विकास अशा कामांतही ही माणसे लागतात. पैसा डॉक्टरइतका मिळेलच असे नाही, हे मुलांना आधीच सांगावे. पण आवड असेल तर वाट अडवू नये.

शाळेला माझी विनंती साधी आहे. आठवी-नववीच्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत 'माझ्या गावाची वही' करायला द्यावी. नात्यांचे शब्द, जात्यावरच्या ओव्या, जत्रेची हकीकत, तांड्यावरच्या लमाण कुटुंबाची भाषा, बंद पडलेला एखादा धंदा. जे जमेल ते मुलाने लिहावे. विचारण्याआधी परवानगी घ्यावी. समोरचा जसे बोलला तसेच लिहावे, सुधारून लिहू नये. आपल्याला न पटणारी रीत दिसली तरी हसू नये. कानडी शब्द कानडी शिक्षकांकडून तपासून घ्यावेत. विश्वस्तांनी या वह्यांसाठी ग्रंथालयात एक कपाट द्यावे आणि दरवर्षी चांगल्या वहीला छोटेसे बक्षीस ठेवावे. फार खर्च नाही.

जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आज्या आता थोड्याच उरल्या आहेत. त्यांच्याजवळ वही घेऊन बसायला पुण्याहून किंवा जर्मनीहून कोणी येईल, याची वाट आपण का पाहावी? या सुट्टीत आपलीच मुले बसू देत.