शकुंतलेचा मालक कोण, हा प्रश्न आता पुरे

#धागा

दर दोन-तीन महिन्यांनी तीच चित्रफीत नव्याने फिरू लागते. गवतात बुडालेले अरुंद रूळ, मागे उदास संगीत आणि वर ठळक अक्षरे: ही रेल्वे आजही इंग्रजांच्या मालकीची आहे! मूर्तिजापूर–यवतमाळ आणि मूर्तिजापूर–अचलपूर या आपल्या शकुंतलेविषयी बहुतेकांना एवढे एकच वाक्य ठाऊक असते. इतिहासाचे विद्यार्थी म्हणवणारे आपणही ते निमूटपणे पुढे पाठवतो, याची मला लाज वाटते.

प्रथम मालकीचे प्रकरण निकालात काढू. 762 मिलिमीटर रुंदीचा हा मार्ग सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा. ही कंपनी 1910 मध्ये किलिक निक्सन या व्यापारी पेढीने उभी केली. किलिक निक्सनची स्थापना 1857 मध्ये झाली, आणि ती मुंबईत झाली. पेढीच्या नावात दोन इंग्रज आडनावे आहेत, तेवढ्यावरून आज पैसा लंडनला जातो हे सिद्ध होत नाही. ज्यांना तसे म्हणायचे असेल त्यांनी जमाखर्च दाखवावा. चित्रफितीखालच्या प्रतिक्रियांना पुरावा म्हणत नाहीत.

या मार्गावरच्या गाड्या कंपनीने स्वतः कधी चालवल्याच नाहीत. करार असा होता की रूळ कंपनीचे, गाड्या जीआयपी रेल्वेच्या. आणि 1951 नंतर जीआयपीच्या जागी मध्य रेल्वे आली. खरी मेख येथे आहे. रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची; मग रुळांखालची खडी कोणी बदलायची? या दुहेरी व्यवस्थेत दुरुस्ती पोरकी झाली. मालकीचा प्रश्न महत्त्वाचा आहे तो एवढ्यापुरता. 'अजून गुलामी' या आरोळीत नेमका हाच भाग बुडून जातो.

आता सेवेकडे वळू. मूर्तिजापूर ते यवतमाळ सुमारे 113 किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर सुमारे 76. एका बाजूला कारंजा आणि दारव्हा, दुसऱ्या बाजूला दर्यापूर आणि अंजनगाव. वऱ्हाडातला कापूस मुख्य मार्गावर आणून मुंबईच्या गोदीकडे पाठवणे हा या मार्गाचा हेतू. उतारूंची सोय ही त्यासोबत आलेली गोष्ट. पण गाव आणि बाजार यांनी तीच धरून ठेवली. माझ्या आजीचे माहेर कारंजा. तिला कंपनीचे नाव कधीच ठाऊक नव्हते. गाडी मूर्तिजापूरहून केव्हा सुटते, मुख्य मार्गाच्या कोणत्या गाडीने उतरले की ती मिळते आणि कोणत्या गाडीने आलो तर ती चुकते, हे मात्र तिला म्हातारपणीही तोंडपाठ होते.

15 एप्रिल 1994 रोजी या मार्गावरचे वाफेचे इंजिन निवृत्त झाले. मँचेस्टरला 1921 मध्ये बांधलेले हे इंजिन सत्तर वर्षांहून अधिक काळ येथे धावले. छायाचित्रकारांनी हळहळ व्यक्त केली, आणि बहुतेक लेखांत शकुंतलेचा इतिहास तेथेच संपतो. वस्तुतः त्या दिवशी बदलले ते केवळ इंजिन. डिझेल आले, पण रूळ जुनेच राहिले. पुढे वेगावर इतके निर्बंध आले की गाडी ताशी 20 किलोमीटरच्या आसपास रेंगाळू लागली. गणित करून पाहा: वाटेतले सर्व थांबे वगळले तरी यवतमाळला साडेपाच तासांहून अधिक लागतात. एसटी जवळपास निम्म्या वेळात पोहोचवते. मग उतारू कमी झाले, आणि ते कमी झाले हेच गाडी बंद करण्याचे कारण म्हणून दाखवले गेले! 2014 मध्ये सेवा थांबली, लोकांच्या रेट्यामुळे पुन्हा सुरू झाली, 2016 मध्ये पुन्हा थांबली. आज मूर्तिजापूरहून या रुळांवर यवतमाळकडेही गाडी जात नाही आणि अचलपूरकडेही नाही. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना ब्रॉडगेज रूपांतरासाठी सुमारे 1500 कोटी रुपयांची घोषणा झाली होती, हेही नोंदवून ठेवा.

तुलनेसाठी शहरांकडे पाहा. मुंबईची वर्सोवा–घाटकोपर मेट्रो 8 जून 2014 रोजी सुरू झाली, नागपूरची मार्च 2019 मध्ये. कोणता टप्पा केव्हा जोडला, पहिली गाडी किती वाजता, दोन गाड्यांमधले अंतर किती मिनिटांनी घटले, याची टिपणे रेल्वेप्रेमी मंडळी डोळ्यांत तेल घालून ठेवतात. मला त्याचा हेवा वाटतो. ती नोंद हाताशी असते म्हणून एक फेरी रद्द झाली तरी शहर जाब विचारू शकते. आमच्याकडे अख्खा मार्ग बंद पडला आणि हाती उरली ती मालकाची दंतकथा.

दंतकथा नसलेल्या मार्गाचे काय होते, तेही सांगतो. जयपूरहून काचीगुड्याकडे जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस एके काळी अकोल्याच्या मीटरगेजवरून धावत असे. त्या मार्गाचा अकोला–पूर्णा भाग 2008 मध्ये ब्रॉडगेज झाला. अकोला–खंडवा भाग जानेवारी 2017 मध्ये बंद झाला, आणि त्यातल्या केवळ अकोटपर्यंत गाडी परत आली ती नोव्हेंबर 2022 मध्ये. पुढचा रस्ता मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या वादात अडकला. (वाद खरा आहे, वाघांची बाजू मला क्षुल्लक वाटत नाही.) अकोटकरांच्या त्या जवळपास सहा वर्षांवर कोणी उदास संगीत लावले नाही.

काही सुज्ञ सुचवतात, शकुंतलेला वारसा रेल्वे करा, पर्यटकांसाठी खेळण्यातली गाडी चालवा. माझा याला स्पष्ट विरोध आहे. कारंज्याच्या माणसाला मुख्य मार्गावरची गाडी गाठायची आहे; त्याला स्वतःच्याच गावचे पर्यटक व्हायचे नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये वर्धा–कळंब हा नवा ब्रॉडगेज टप्पा सुरू झाला. तो मार्ग पुढे यवतमाळवरून नांदेडला जायचा आहे. म्हणजे यवतमाळला रेल्वे येईल, पण पूर्वेकडून. मूर्तिजापूर–कारंजा तुकड्याचे काय, हे विचारायची वेळ आत्ताची आहे, आणि आपण अजून इंग्रजांवर चिडण्यात दंग आहोत.

मी पातूरचा. आमच्या गावाला रेल्वे कधी नव्हतीच. अकोल्याला जायचे तर एसटी. त्यामुळे रुळांविषयी मला गहिवर नाही. मला हवी आहे ती कागदपत्रे. मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर येथल्या कोणाच्या घरी जुने वेळापत्रक, पुठ्ठ्याचे तिकीट, मासिक पास किंवा गाडीची वेळ लिहिलेली लग्नपत्रिका असेल, तर छायाचित्र काढून या धाग्याखाली टाका. वर्ष दिसत असेल तर उत्तम. फेऱ्यांची दशकवार यादी मी लावायला घेतली आहे. 1994 नंतरच्या रकान्यांत अजून फारच थोडे भरले गेले आहे.