पलटणीत जाणारा मुलगा आणि कोठीचा रविवार

सुगी आटोपली की आपल्या धर्मग्रामात आणखी एक हंगाम सुरू होतो. पहाटे साडेचार-पाचला डांबरी सडकेवर पोरांच्या धावण्याचा आवाज येऊ लागतो. सोळाशे मीटर धावणे, बीम मारणे, नऊ फुटी खड्ड्यावरून उडी. घरोघरी अंडी उकडली जातात, दूध राखून ठेवले जाते, कोणी शेळी विकून अकादमीची फी भरतो. मुलगा सैन्यात लागला की गावात पेढे वाटतात आणि आमच्याकडे मिस्साबलिदानाचा हेतू सांगायला येतात. हे सर्व योग्यच आहे. पाच एकर कोरडवाहू जमिनीवर तीन भावांचे भागत नाही, तेव्हा एकाने बंदूक उचलली तर त्यात वावगे काहीच नाही.

परंतु छाती फुगवून किती सेंटिमीटर होते हे मोजणारे आपण, मुलाला बाहेरच्या जगासाठी तयार करताना मात्र तोंडात गुळणी धरून बसतो. दारू, गांजा, सुयांची नशा आणि पैसे मोजून केलेला स्त्रीसंग, या चार गोष्टींविषयी आज आम्ही उघड लिहिणार आहोत. 'शेती व आरोग्य' या पानावर धर्मगुरूंनी हा विषय काढावा काय, असे काहींना वाटेल. ज्यांना तसे वाटते त्यांनी आपल्या घरात हा विषय कधी काढला होता काय, एवढे स्वतःला विचारावे.

मराठवाड्यातली आपली पुष्कळ मुले प्रशिक्षणाला हैदराबाद-सिकंदराबादेस जातात. गोवळकोंड्याला तोफखान्याचे केंद्र आहे, सिकंदराबादेस ई.एम.ई. व ऑर्डनन्स कोअरची केंद्रे आहेत. सुरुवातीचे आठवडे बाहेर पडायचे नसते. पुढे रविवारचा आऊटपास मिळू लागतो आणि मग ही पोरे सिटी बस पकडून कोठीला येतात. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोठी म्हणजे जुन्या इंग्रज रेसिडेंटची कोठी. हा वाडा कर्कपॅट्रिक नावाच्या रेसिडेंटाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधविला आणि त्यावरून साऱ्या वस्तीला नाव पडले. शेजारी सुलतान बझार, बँक स्ट्रीट, जुन्या पुस्तकांची दुकाने, आणि चारी दिशांना जाणाऱ्या बसगाड्या. काचीगुडा स्टेशन जवळच, म्हणून मनमाडकडची गाडीही तिथून जवळ. आम्ही आपल्या मुलांना तेथे भेटलो आहोत. बूटपॉलिश, बनियन, मोबाईलचे चार्जर घ्यायचे, बिर्याणी खायची, घरी फोन लावायचा, आणि संध्याकाळी वेळेवर हजेरीला पोचायचे. बहुतेकांचा रविवार असाच जातो, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. फौजी म्हणजे बिघडलेला ही समजूत खोटी आहे.

तथापि अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, अंगावर केस कापलेली नवी ओळख, खिशात आयुष्यातला पहिला पगार, बरोबर त्याच्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा सोबती, आणि शहरात एकही माणूस 'अरे, तू अमक्याचा ना?' असे विचारणारा नाही. गावात त्याला हजार डोळे सांभाळत होते. कोठीच्या गर्दीत ते डोळे नाहीत.

हा प्रश्न नवा नाही, आणि हैदराबादेस तर तो मुळीच नवा नाही. सिकंदराबादची छावणी १८०६ पासूनची. गोऱ्या शिपायांना लग्नाची परवानगी फार थोड्यांना मिळे. सरकारने त्यावर जो उपाय काढला तो लज्जास्पद होता. १८६४ च्या छावणी कायद्याखाली शिपायांसाठी ठरावीक स्त्रियांची नोंद करायची, त्यांची सक्तीने तपासणी करायची, रोगी निघाल्या तर त्यांना 'लॉक हॉस्पिटल'मध्ये कोंडायचे. तपासणी स्त्रीची, शिपाई मोकळा. इंग्लंडात जोसेफीन बटलर या बाईंनी या पद्धतीविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला आणि तिथला कायदा १८८६ मध्ये रद्द झाला. पुढे १८९५ च्या सुमारास हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेत दर हजार शिपायांमागे गुप्तरोगाचे वर्षाला पाचशेहून अधिक दाखले होत. म्हणजे वर्षभरात दर दोन शिपायांमागे एकाहून अधिक दाखला, असे म्हटले तरी चालेल. पुन्हा स्त्रियांना कोंडा, अशी ओरड झाली.

मग हा आकडा खाली कशाने आला? पेनिसिलिन तेव्हा नव्हते. तरी १९१० च्या आत तो हजारी शंभराच्या खाली उतरला. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना पलटणींत दारूबंदीच्या मंडळ्या उभ्या राहिल्या, कॉफीच्या खोल्या, वाचनालये, खेळ आले. १९०५ मध्ये लॉर्ड किचनेर यांनी शिपायांना उद्देशून संयमाचे एक पत्रक काढले. उपचार व स्वच्छताही सुधारली. यांपैकी नेमके कशाने किती झाले याचा हिशेब विद्वान करोत. आम्हाला त्यात एक गोष्ट फार बोलकी वाटते. त्याच काळात, त्याच छावण्यांतल्या देशी शिपायांत हा रोग गोऱ्यांच्या मानाने कितीतरी कमी होता. देशी शिपाई काही देवदूत नव्हता. पण त्याचे लग्न झालेले असे, तो रजेवर घरी जाई, पगार घरी पाठवी, आणि पलटणीत त्याच्या शेजारी त्याच्याच मुलखाचा माणूस असे. त्याने काही वेडेवाकडे केले तर ते गावात कळणार होते. आमच्या मते त्याला घराने राखले.

आता आपल्या मुलाकडे पाहू. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने साडेसतरा वर्षांचा मुलगा चार वर्षांसाठी घेतला. भरतीला तो अविवाहित असावा लागतो. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये. त्यातले ९,००० निधीत जाऊन २१,००० हातात. चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये. पुढे कायम होण्याची संधी फार तर चारांत एकाला. पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस दाखल झाली, म्हणजे तिची चार वर्षे २०२६-२७ मध्ये भरतात. वय कोवळे, पैसा रोख, भविष्य अधांतरी. अशा मनःस्थितीत 'उद्याचे उद्या पाहू' ही भाषा लवकर जिभेवर येते.

आणि पहिला पेला बहुधा शहरात मिळत नाही, हे ऐकायला कडू लागेल. अकादमीच्या मैदानावर धावण्याआधी काही मुले इंजेक्शन टोचून घेतात, असे आमच्या कानावर आले आहे. मेफेंटरमाईन नावाचे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी डॉक्टर वापरतात; ते दमसास वाढावा म्हणून टोचणे म्हणजे काळजाशी खेळ आहे. त्याने मुलगा मैदानात कोसळू शकतो. सुयांची सवय आणि एकच सुई चौघांनी वापरणे, दोन्ही तेथेच सुरू होते. ज्या बापाने फी भरली त्याने मैदानावर जाऊन कधी पाहिले आहे काय?

दुसरे, फौजी रजेवर आला की गाव त्याला काय विचारतो? 'काय रे, कॅन्टीनचा माल आणलास का?' लग्नाच्या वरातीत, हळदीला, बारशालाही. तेलंगणात एकवीस वर्षांखालील मुलाला दारू विकणे गुन्हा आहे, महाराष्ट्रात तर कडक दारूला पंचवीस वर्षे पुरी व्हावी लागतात. मग वीस वर्षांच्या पोराकडे बाटली मागणारे आपले काका-मामा त्याला कोणता धडा देतात? आमच्याजवळ, कबुलीच्या खोलीबाहेर पारावर बसून, जी मुले मोकळेपणी बोलली त्यांच्या हकिकतीत एक गोष्ट समान होती. शुद्धीत असताना त्यांतला कोणी त्या गल्लीत गेला नव्हता. आधी दारू, मग सोबत्यांचे टोमणे, मग पुढचे.

थोडे आरोग्याविषयी. परमा झाला तर लघवीला आग होते, म्हणून माणूस निदान डॉक्टरकडे जातो. गरमी अधिक कपटी. तिचे पहिले फोड दुखत नाहीत आणि काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. मुलगा समजतो सुटलो, पण रोग अंगात उतरलेला असतो आणि पुढे बायकोला व पोटातल्या बाळालाही जातो. पेनिसिलिनने तो पुरता बरा होतो, मात्र वेळेवर तपासले पाहिजे. एचआयव्ही भारतात प्रथम १९८६ मध्ये चेन्नईत आढळला. आज तो मरणाचा हुकूम राहिलेला नाही; २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधे मोफत मिळतात आणि ती नियमित घेणारा माणूस शेती-संसार करतो. चूक घडली, सुई टोचली, तर बहात्तर तासांच्या आत डॉक्टर गाठल्यास अठ्ठावीस दिवसांचा प्रतिबंधक औषधक्रम देता येतो. जितके लवकर तितके बरे. लाजेपायी चौथा दिवस उजाडला की ती संधी गेली. कावीळ ब ची लस आहे, ती घ्यावी. रस्त्यावर एकाच सुईने हातावर गोंदवून घेणे टाळावे, मग ते क्रुसाचे चिन्ह का असेना.

निरोधाविषयी विचाराल. पलटणीचा डॉक्टर मुलांना त्याविषयी सांगतो, ते त्याचे काम आहे. तो नीट व प्रत्येक वेळी वापरला तर एचआयव्हीचा धोका पुष्कळ घटतो, ही वैद्यकीय गोष्ट नाकारून आम्ही मुलांचे भले करणार नाही. ख्रिस्तसभेची शिकवण त्याच्या पलीकडची आहे. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे आणि लग्नाबाहेरचा संग त्या मंदिराची विटंबना, हे आम्ही शिकवीत आलो व शिकवीत राहू. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१० मध्ये एका मुलाखतीत सांगितले होते की, निरोध हा खरा व नैतिक तोडगा नव्हे. तरी दुसऱ्याला रोग लागू नये या हेतूने कोणी तो वापरला तर एखाद्या बाबतीत ते जबाबदारीच्या जाणिवेकडचे पहिले पाऊल असू शकते. आम्हाला हे वाक्य महत्त्वाचे वाटते. पापात असलेल्या माणसालाही दुसऱ्याच्या जिवाची काळजी करण्याचे कर्तव्य सुटत नाही.

आणि त्या स्त्रिया? त्यांच्याविषयी बोलताना आपल्याकडे 'घाण' हा शब्द सहज वापरतात. इंग्रजांनीही तेच केले होते. या व्यवसायात कित्येक जणी दुष्काळी भागातून, कर्जबाजारी घरातून, फसवून आणलेल्या असतात. आपल्यासारख्याच शेतकऱ्याच्या त्या लेकी. मुलाला नुसते 'रोग होईल' असे भिवविले तर रोगावर औषध आहे हे त्याला उद्या कळेलच. त्याला हे सांगा की, तू पैसे टाकून ज्या जिवाला विकत घेतोस त्याला नाही म्हणायची सोय नाही. घरात बापाने आईला कसे वागविले हे त्याने पाहिलेले असते, म्हणून हा धडा बापालाच द्यावा लागेल.

ज्वारीच्या काणीवर कणसे काळी पडल्यावर आपण काय करू शकतो? काही नाही, ती कणसे काढून जाळायची. म्हणून पेरण्यापूर्वी किलोभर बियाण्याला चार ग्रॅम गंधक चोळतो. मुलगा गाडीत बसण्यापूर्वीचे पंधरा दिवस तेच समजावे. एक संध्याकाळ बापाने किंवा थोरल्या भावाने त्याला शेतावर न्यावे आणि वर लिहिले ते सारे, शब्द न गाळता, सांगावे. त्याला नकार द्यायचे शब्द शिकवावेत, कारण अठराव्या वर्षी नुसता निश्चय पुरत नाही, तोंडात तयार उत्तर लागते. पगारातली ठरावीक रक्कम पहिल्या महिन्यापासून घरच्या अथवा त्याच्या ठेवखात्यात जावी. त्यातून घराने ट्रॅक्टरचे हप्ते भरू नयेत, तो पैसा त्याचा आहे. आठवड्याला फोन करावा आणि फोनवर फक्त पैशांविषयी बोलू नये. सैन्यात धर्मशिक्षकांमध्ये पाद्रीही असतात, त्यांची भेट घ्यायला सांगावे. कोठीला आलाच तर गनफाउंड्रीचे सेंट जोसेफ कॅथेड्रल जवळ आहे. तेथे मराठी मिस्सा नसेल, पण पाया पडायला भाषा लागत नाही.

आणि चूक झालीच तर? तर तो घरी सांगू शकला पाहिजे. 'तोंड दाखवू नकोस' म्हणणारी घरे आम्ही पाहिली आहेत. त्या घरांतली मुले तपासणीला गेली नाहीत, दारूत गेली. उधळ्या पुत्राच्या बापाने आधी मिठी मारली, चौकशी नंतर केली, हे आपण दर उपवासकाळात ऐकतो. एचआयव्हीसंबंधी विचारपूस १०९७ या क्रमांकावर, व्यसनासंबंधी १४४४६ वर व मनाच्या त्रासासाठी १४४१६ वर फुकट करता येते. जवानांसाठी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ पासून टेलिमानसचा वेगळा कक्षही सुरू झाला आहे.

या वर्षी निवड झालेल्या मुलांनी व त्यांच्या आईवडिलांनी येत्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर धर्मग्रामाच्या सभागृहात थांबावे. तालुक्याचे डॉक्टर येणार आहेत. आधी मुलांशी एकट्याने बोलतील, मग बापांशी. आयांशी सिस्टर बोलतील. येताना प्रशिक्षण केंद्राचा पूर्ण पत्ता कागदावर लिहून आणावा, म्हणजे आम्हाला तेथील पाद्रींना पत्रे टाकता येतील. ज्यांची मुले आधीच गेली आहेत त्यांनीही पत्ते द्यावेत.