आधी मोजा, मग भांडा

संध्याकाळी सातनंतर आमच्या पलूस तालुक्यातल्या कुठल्याही घरात हे चित्र दिसतं. कॉम्प्युटरवर गोल चक्र फिरत असतं, पोरांचा अभ्यास अडलेला असतो आणि घरातलं वडीलधारं माणूस ठामपणे सांगत असतं, "नेटवाले लुबाडतात." हे वाक्य मीही वर्षभर म्हटलं. आज मला ते खोडून काढायचं आहे, कारण त्या वाक्यापाशी थांबल्यामुळे आपण पैसे घालवतो आणि दुखणं तसंच राहतं.

या बाबतीत आपल्याकडे तीन मतं पक्की आहेत. पहिलं, कंपनी शंभर सांगते आणि दहा देते. दुसरं, नेट मंद झालं की मोठा प्लॅन घ्यावा. तिसरं, गावाकडचं नेट असंच चालायचं. तिन्ही मतांमागे माणसांचा खरा त्रास आहे, हे मान्य. पण तिन्ही मतं न मोजता बनलेली आहेत.

पहिलं मत घेऊ. प्लॅनमधले 100 एमबीपीएस हे मेगाबिट असतात. फाइल उतरवताना पडद्यावर दिसणारा आकडा बहुधा मेगाबाइटचा असतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे 100 चे झाले साडेबारा. अकरा-बारा दिसले की लोक फसवणूक झाली म्हणतात, तेव्हा लाइन पूर्ण चालत असते.

त्याहून मोठी चूक माझ्या घरातच होती. राउटर सोप्यात, लोखंडी कपाटावर, कारण केबल आत घ्यायला तिथंच भोक सोयीचं पडलं. कॉम्प्युटर मागच्या खोलीत. मधे जुन्या घराची दीड हात जाडीची काळ्या दगडाची भिंत. मी तक्रार केली, कंपनीकडून आलेल्या पोराला चार शब्द सुनावले. त्यानं उत्तर दिलं नाही. लॅपटॉपला वायर लावून वेग मोजला: 94. मग तोच लॅपटॉप मागच्या खोलीत नेऊन वायफायवर मोजला: 7. म्हणाला, "काका, पाणी टाकीपर्यंत आलंय की. पुढची पाइप तुमची."

त्या दिवशी माझं भांडण संपलं. मग कारण शोधलं. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास, 5 गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहून कमी. दगड आणि स्लॅब या लहरींचा जोर शोषतात, लोखंड त्यांना परतवतं, पाण्यानं भरलेलं पिंप त्यांना पिऊन टाकतं. 5 चा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हरतो, 2.4 चा लांब जातो, पण त्यावर गर्दी फार. भारतात 2005 पासून हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, त्यामुळे शेजाऱ्याचा राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे त्यातच. एकमेकांवर न चढणारे चॅनेल तिथं तीनच: 1, 6 आणि 11. चार दांड्या भरलेल्या दिसतात त्या फक्त राउटरच्या आवाजाचा जोर सांगतात. गलका किती आहे आणि राउटरच्या पलीकडे लाइन जिवंत आहे का, यातलं त्या काही सांगत नाहीत.

दुसरं मत मोठ्या प्लॅनचं. द्राक्षबागेत शेवटच्या ओळीला पाणी पोचेना, तर आपला शेतकरी पाचची मोटर काढून साडेसातची बसवत नाही. आधी फिल्टर उघडतो, दाब बघतो, नळीचं टोक सोडून गाळ काढतो. कृष्णेला दोष देणं तर त्याच्या मनातही येत नाही. हाच माणूस घरात मात्र न बघता 300 चा प्लॅन घेतो. जुन्या कॉम्प्युटरमधलं एका अँटेनाचं वायफाय कार्ड नेहमीच्या चॅनेलवर कागदोपत्री 72 मेगाबिटांच्या वर जात नाही, हाती त्याहून बरंच कमी लागतं. तिथं 300 आले काय आणि 100 आले काय, चिंचोळ्या नळीतून तेवढंच येणार.

तिसरं मत मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण ते आपल्यालाच खाली ढकलतं. शेजारच्या वारणा खोऱ्यात 1998 मध्ये 70 गावं कॉम्प्युटरनं जोडायचा प्रकल्प उभा राहिला. पुढे काही वर्षांनी अभ्यासकांनी बसून पाहिलं, की शेतकरी त्या यंत्रणेकडे नेमकं काय मागतो. तो मागत होता आपल्या उसाचं वजन, खताचा हिशेब. मग सात गावांत तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर आणलं आणि ते चाललं. गाव आडवं आलं नाही, महागडी यंत्रंही लागली नाहीत. नीट पाहिल्यामुळे मार्ग सापडला.

म्हणून माझं म्हणणं असं. चार मोजण्या करा, एकाच दिवशी, लागोपाठ: वायर लावून, राउटरच्या खोलीत वायफायवर, कॉम्प्युटरच्या जागी, आणि त्याच जागी, त्याच वायफायवर मोबाइलनं. वायरवरच वेग कमी असेल तर दोष बहुधा लाइनीचा किंवा राउटरचा. वायरवर चांगला आणि जवळच्या वायफायवर पडला तर गर्दीचा. चॅनेल बदला, 5 चा पट्टा वापरा. दूर गेल्यावर पडला तर भिंतीचा; राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळा ठेवा. मोबाइल धावतो आणि कॉम्प्युटर रखडतो, तर दोष कॉम्प्युटरचा. तिथं मागे चाललेलं अपडेट पाहा, ड्रायव्हर नवा करा. वायफायचं डोंगल कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्यामागे, हार्डडिस्कच्या यूएसबी 3 जोडणीला खेटून असेल तर एक्स्टेन्शन वायरनं समोर आणा. त्या जोडणीचा विद्युत गोंगाट 2.4 च्याच पट्ट्यात पडतो.

कंपनी निर्दोषच असते असं मी म्हणत नाही. वायरवर दुपारी 94 आणि रोज रात्री 15 असेल तर दोष तिचाच धरावा. पण तेव्हा तारीख, वेळ आणि आकडे लिहून तक्रार द्या, तक्रार क्रमांक घ्या; दाद लागली नाही तर दूरसंचार नियामक ट्रायच्या 2012 च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. आरडाओरड्याला उत्तर मिळत नाही, आकड्यांना द्यावं लागतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना उभारला. तिथं आजही पंप चाचणीवर लावून दाब आणि पाणी मोजतात. ती शिस्त आपल्या तालुक्याच्या हाडात आहे. ती फक्त शेतातून आणि कारखान्यातून घरात आणायची आहे. मी राउटर कपाटावरून काढून मधल्या दाराच्या चौकटीवर ठेवला. मागच्या खोलीत आता 41 मिळतात, प्लॅन तोच, बिल तेच. दाराशेजारी खिळ्याला एक वही टांगली आहे. नेट अडलं की आमची नात आधी त्या वहीत आकडा लिहिते.