पावतीपुस्तक हेही चळवळीचे हत्यार आहे!



आपल्याकडे एक वाक्य मोठ्या अभिमानाने बोलले जाते. "आम्ही चळवळ करतो, एनजीओ चालवत नाही." सभेत या वाक्याला हमखास टाळ्या पडतात. पण त्याच वस्तीतल्या विहारातली अभ्यासिका वीजबिल थकले म्हणून बंद होते, तेव्हा टाळ्या वाजवणारे हात कुठे असतात? महिलांचे शिवणकेंद्र भाडे भरता आले नाही म्हणून गुंडाळावे लागते, तेव्हा हे वाक्य कोणाच्या उपयोगी पडते?

माझे म्हणणे सरळ आहे. नोंदणी, ठराव, पावती, हिशोब, ऑडिट ही बाबूगिरी नाही. आपल्या छोट्या संस्था जगवण्याची ती साधने आहेत. ती आपण हातात घेत नाही, म्हणून समाजाच्या नावाने येणारा पैसा समाजाच्या संस्थांना वळसा घालून जातो. आणि आपला स्वतःचा पैसा, घाम गाळून दिलेली वर्गणी, कोणाच्या तरी खिशात विरघळते.

बाबासाहेबांनी काय केले?

२० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तीही १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवून. सर चिमणलाल सेटलवाड हे सभेचे अध्यक्ष होते, पण कार्यकारी मंडळाची सूत्रे बाबासाहेबांच्या हातात होती. यात केवढा धडा आहे बघा! प्रतिष्ठित माणसांची मदत घेतली, मानाची जागा दिली, पण कारभार आपल्याकडे ठेवला. पुढच्याच वर्षी या सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा उभी राहिली. घटना, पदाधिकारी, नोंदणी हे सगळे त्यांनी रीतसर केले.

महाडच्या सत्याग्रहाचा नेता आणि संस्थेची घटना लिहिणारा माणूस एकच होता. तो माणूस 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिणारा अर्थतज्ज्ञ होता. त्याचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी रोजकीर्द बघून घाबरावे?

नियमांची चाळणी

आता व्यवस्थेकडे वळू, कारण सगळा दोष आपला नाही. संघ स्थापन करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ ने दिला आहे आणि त्यासाठी नोंदणीची अट नाही. पण संस्थेच्या नावाने खाते, जागा किंवा अनुदान हवे असेल तर कागद लागतो. १८६० च्या कायद्याखाली किमान सात माणसे लागतात. महाराष्ट्रात तेवढ्याने भागत नाही. धर्मादाय कामासाठी काढलेली संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही येते. म्हणजे दुहेरी नोंदणी आणि जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या.

त्यानंतर आयकर. पूर्वी १२ए नोंदणी एकदा मिळाली की ती रद्द होईपर्यंत चालत असे. १ एप्रिल २०२१ पासून ती मुदतीची झाली. नव्या संस्थेला आधी तात्पुरती तीन वर्षांची, मग पाच वर्षांची. जुन्या संस्थांनाही पुन्हा अर्ज करावे लागले. ८०जी चेही तसेच. वर देणगीदारांचे वार्षिक विवरणपत्र वेळेत भरले नाही तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क! पाच कोटींपर्यंत उत्पन्न असलेल्या संस्थांची १२ए ची मुदत दहा वर्षांची करण्याची तरतूद २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली, हे मान्य. पण महिन्याला चार हजार रुपयांत अभ्यासिका चालवणाऱ्या पोरांनी सीएची फी आणायची कुठून?

कंपन्यांच्या सीएसआरचे बघा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची आहे. पण कंपनीने तो पैसा आपल्यासारख्या बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करायचा असेल, तर त्या संस्थेकडे १२ए हवे, ८०जी हवे, सीएसआर-१ फॉर्मची नोंदणी हवी आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा पुरावा हवा. परदेशी निधीबाबत २०२० च्या एफसीआरए दुरुस्तीने आणखी एक दार बंद केले. पूर्वी अटी पाळून मोठी संस्था आपल्या निधीतला वाटा छोट्या संस्थेकडे देऊ शकत होती. आता असे हस्तांतरण करताच येत नाही.

हे नियम जात बघून लिहिलेले नाहीत. पण त्यांचा परिणाम जात बघून होतो. कोणाच्या घरात सीए आहे? कोणाचा वर्गमित्र कंपनीच्या सीएसआर विभागात आहे? इंग्रजीत वीस पानांचा प्रस्ताव कोण लिहू शकतो? समाजशास्त्रात याला सांस्कृतिक आणि सामाजिक भांडवल म्हणतात. आपल्या भाषेत, ओळख आणि ऐट. म्हणून आपल्या वस्तीवर काम करण्याचा निधी वस्तीबाहेरच्या संस्थेला मिळतो, आणि आपली पोरे त्याच संस्थेत मानधनावर सर्वेक्षणाचे फॉर्म भरतात. जुन्या व्यवस्थेत वेशीवर अडवत. आता फाइलवर अडवतात.

"पैसा आला की चळवळ मेली"

हा आक्षेप खोटा नाही. निधी देणाऱ्याला जे ऐकायचे आहे तेच बोलण्याची सवय संस्थांना लागते, हे मी जवळून पाहिले आहे. 'अत्याचार' हा शब्द प्रस्तावातून गळतो आणि त्याच्या जागी 'सामाजिक सलोखा' येतो. जातीवर काम करायला निघालेली संस्था तीन वर्षांनी हात धुण्याच्या जनजागृतीवर येऊन थांबते.

पण मग रोग कोणता? रोग नोंदणीचा नाही. रोग आहे एकाच देणाऱ्यावर अवलंबून राहण्याचा. मूकनायकसाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. मदत घेतली म्हणून मूकनायक कोणाचा बांधील झाला का? ज्याच्याकडे स्वतःच्या लोकांची नियमित वर्गणी आहे आणि चोख हिशोब आहे, तोच बाहेरच्या पैशाला "तुमची ही अट आम्हाला मान्य नाही" असे म्हणू शकतो. ज्याची तिजोरी रिकामी आणि वही कोरी, तो पहिल्या चेकला शरण जातो. कागद नसणे म्हणजे स्वाभिमान नव्हे!

शिवाय सगळ्या कामाला नोंदणी लागतच नाही. मोर्चाला, धरण्याला, गावात बहिष्कार पडला तर धावून जायला कोणतीही संस्था लागत नाही. ते काम मोकळेच राहिले पाहिजे. पण वसतिगृह, अभ्यासिका, वाचनालय, कायदा मदत केंद्र ही वर्षानुवर्षे चालायची कामे आहेत. ती एका माणसाच्या उत्साहावर चालत नाहीत.

"हिशोब मागता? विश्वास नाही का?"

आता आपल्या घरातले कटू सत्य. जयंतीची वर्गणी गोळा होते, डीजे वाजतो, बॅनरवर पंचवीस चेहरे झळकतात. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती असे कोणी विचारले की उत्तर येते, "भाऊंवर विश्वास नाही का?" आणि विचारणारा पोरगा पुढच्या वर्षीच्या समितीत नसतो.

विनयपिटक उघडून बघा. महावग्गात संघाला मिळणाऱ्या चीवरांची व्यवस्था सांगितली आहे. चीवर स्वीकारणारा भिक्खू वेगळा, ते ठेवणारा वेगळा, भांडार सांभाळणारा वेगळा आणि वाटणारा वेगळा. यांपैकी प्रत्येकाची निवड संघाने करायची. त्याच्यात पाच गुण हवेत. आवड, द्वेष, मोह आणि भय यांनी तो वाहवत जाता कामा नये, आणि काय झाले व काय नाही याची त्याला नेमकी माहिती हवी. घर सोडून निघालेल्या भिक्खूंसाठी ही व्यवस्था होती! मग पैसे घेणारा, ठेवणारा आणि खर्च करणारा एकच 'भाऊ' का? हिशोब मागणे हा अविश्वास नाही. तो धम्माचा शिरस्ता आहे.

आज तर नवीनच प्रकार आहे. संस्थेच्या आवाहनाखाली कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड. तो कार्यकर्ता शंभर टक्के प्रामाणिक असला तरी उद्या त्याच्यावर आरोप झाला तर सिद्ध काय करणार? घरखर्च आणि पूरग्रस्तांची मदत एकाच खात्यात! विरोधकांना आपल्याला बदनाम करायला आणखी काय हवे?

दुसरा रोग चेंज रिपोर्टचा. विश्वस्त बदलला, वारला किंवा राजीनामा दिला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचे असते. आपल्याकडे संस्थापक जाऊन दहा वर्षे होतात, तरी दप्तरी त्यांचेच नाव असते. मग बँक सही मान्य करत नाही, दोन गट 'खरी कार्यकारिणी आमचीच' म्हणून भांडतात, आणि विहाराच्या जागेचा वाद कोर्टात जातो. अशा संस्थांना कोणत्याही मनुवाद्याने संपवण्याची गरज नसते.

मग करायचे काय?

१. आधी ठरवा, नोंदणी हवी का. फक्त जयंतीपुरती वर्गणी असेल तर नवी संस्था काढू नका. १९५० च्या कायद्याच्या कलम ४१ क खाली तात्पुरती परवानगी घ्या, कार्यक्रम संपल्यावर हिशोब द्या. कायमचे काम असेल तरच नोंदणी.

२. गावात, तालुक्यात आधीच एखादी नोंदलेली पण झोपलेली संस्था असेल तर तिला जागी करा. नव्या लेटरहेडपेक्षा जुन्या संस्थेचे थकलेले ऑडिट पूर्ण करणे जास्त क्रांतिकारक आहे.

३. खाते संस्थेच्या नावाने, दोन सह्यांचे. क्यूआर कोडही त्याच खात्याचा. दहा रुपयांचीही क्रमांक घातलेली पावती. दर महिन्याचा जमाखर्च विहाराच्या फलकावर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर.

४. ३१ मार्चला हिशोब बंद, ३० सप्टेंबरच्या आत ऑडिट. इतिवृत्त त्याच दिवशी लिहायचे, वर्षाच्या शेवटी एका रात्रीत नाही.

५. ८०जी असेल तर देणगीदाराला सांगा की दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवर करसवलत मिळत नाही. खात्यातूनच पैसे घ्या. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे जुने आकडे पाठ करून बसू नका, सल्ला घ्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे सहावे. प्रत्येक तालुक्यात एक 'कागद केंद्र' उभे करा. दहा छोट्या संस्थांनी मिळून एक सीए धरला तर फी दहा ठिकाणी वाटली जाते. समाजात निवृत्त बँक कर्मचारी आहेत, कोषागारात आयुष्य घालवलेले लोक आहेत, बी.कॉम. होऊन नोकरी शोधणाऱ्या पोरी आहेत. 'पे बॅक टू सोसायटी' म्हणजे फक्त १४ एप्रिलला अन्नदान नाही. महिन्यातला एक रविवार एखाद्या अभ्यासिकेची वही लिहून देणे हेही ऋण फेडणेच आहे.

सरकारकडेही मागणी लावून धरली पाहिजे. धर्मादाय कार्यालयाने तालुक्याला शिबिरे घ्यावीत आणि मराठीत सोपी माहिती द्यावी. बार्टीचे समतादूत गावोगावी जातात. त्यांना छोट्या संस्थांच्या नोंदणी-हिशोबाचे प्रशिक्षण देऊन हे काम सोपवायला काय हरकत आहे? कंपन्यांनी प्रस्ताव मराठीत स्वीकारावेत. ज्या वस्तीसाठी पैसा आहे त्या वस्तीच्या भाषेत अर्ज का नको?

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाला आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्याचा निश्चय करायला सांगितले. आपण तो विसावा भाग देत नाही, ही आपली लाज आहे. पण देणाऱ्याने द्यावे कोणाला, कोणत्या पावतीवर आणि कोणत्या हिशोबावर, याचे उत्तर संस्थांकडे नसेल तर ती लाज संस्थांचीही आहे.

येत्या रविवारी आपल्या विहारात जा. तीन वह्या मागा. जमाखर्च, इतिवृत्त आणि सभासद नोंद. असतील तर वाचा, विसावा भाग द्या. नसतील तर भांडू नका, कोऱ्या वह्या घेऊन बसा आणि लिहायला लागा.

जय भीम! जय संविधान!